तांबडीवरचं पाणी

फळ्यावर पृथ्वीचा उभा छेद माझ्याइतका चांगला अख्ख्या सोलापुरात कुणी काढत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. भवानी पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते. कवच, प्रावरण, गाभा. तीन रंगांचे खडू, आणि एकही रेघ पुसायची वेळ यायची नाही. त्यातच सुट्टीतल्या एका शिबिरात मी ऐकून आले होते की पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात. आपला तुकडा उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडला, जमिनीला वळ्या पडल्या आणि हिमालय उभा राहिला. आमच्या पाठ्यपुस्तकात हे अजून आलं नव्हतं, म्हणून मी ते जास्तच तोऱ्यात सांगायचे.

राहायला मी होटगीला, सासरी. नवरा मालगाडीवर गार्ड, त्यामुळे घरात बहुतेक दिवस सासूबाई आणि मी दोघीच. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता. परसातली विहीर आटली होती आणि गावातल्या बायका घागरी घेऊन स्टेशनात इंजिनापाशी उभ्या राहायच्या. ड्रायव्हर बरा असला तर पाणी सोडायचा, तेही कढत. आत्याबाईंचा उजवा गुडघा धरलेला. तरी मी शाळेतून यायच्या आत त्यांच्या दोन खेपा झालेल्या असायच्या.

मग विहीर खोल करायला घेतली. मुरूम गेला, पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ दगड गेला, आणि त्याखाली तांबडालाल मातीचा थर लागला. त्यावर गुडघाभर पाणी साचलं. खोदकाम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं तांबडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि माणसं वर घेतली. तांबडी लागली की तिच्यावर पहार टाकायची नाही, अशी त्यांची रीत. आत्याबाईंच्या खेपा थांबल्या. दहा दिवस त्या दारात पाय पसरून ज्वारी निवडत बसल्या, आणि मला ते बघून फार बरं वाटायचं.

पण गुडघाभर पाण्यावर वैशाख कसा निघणार? मिस्त्री काठाचं दगडकाम करत होता, त्याला मी गाठलं. इथं लाव्हा एकदाच आलेला नाही, मी म्हणाले. एक थर निवला, त्यावर माती धरली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजली. तीच ही तांबडी. तिच्याखाली पुन्हा काळा दगड आहे, त्याचा माथा भोकाभोकांचा असतो, त्यात पाणी असणारच.

"खाली काळा हाय, ते मला बी ठावं हाय, बाई," मिस्त्री म्हणाला. "पन हे पानी तांबडीनं धरलंय. भांड्याचं बूड हाय ते."

"खाली कधी बघितलंय का तुम्ही?"

"न्हाय."

बास, मला तेवढंच हवं होतं. तो मात्र हलेना. शेवटी आत्याबाई दारातून म्हणाल्या, "माझी सून शिकलेली हाय. ती म्हनती तर टाका पहार."

घरमालकिणीचा शब्द त्याला मोडवला नाही. त्याच्या माणसांनी विहिरीच्या एका कडेला पहारीनं भोक पाडलं. तांबडी फुटली, खाली काळा दगड लागला, अगदी मी सांगितला तसाच, भोकाभोकांचा. मी काठावरून टाळी वाजवली. त्यानंतर पाणी त्या भोकाशी गोल फिरायला लागलं, मोरीत फिरतं तसं. दुपारपर्यंत विहिरीचा तळ कोरडा पडला. खालचा दगड तहानलेला होता, त्यानं सगळं पिऊन टाकलं.

मिस्त्री पहारी गोळा करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी घागर उचलली. मी शाळेतून आल्यावर त्यांच्याबरोबर जाऊ लागले, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि शरम वाटली की मी जास्तच बडबडते. तिसऱ्या दिवशी वाटेत मी सांगत सुटले, की ही जमीनसुद्धा सरकते आहे, आत्ता, आपण चालतोय तेव्हा, दर वर्षी बोट-दोन बोटं, उत्तरेकडे.

आत्याबाई थांबल्या. घागर कमरेवर नीट बसवली. "मग स्टेशन तेवढं जवळ येतंय का, बग की," त्या म्हणाल्या.

मी हसले आणि हसता हसता रडले. त्याच संध्याकाळी मिस्त्रीला शोधत गेले आणि सरळ म्हणाले, "चुकले." तो भाकरी खात होता. घास संपवून म्हणाला, "रानातली काळी माती आना. ढेकळं फोडून भिजवा, दोन दीस तुडवा. फुगली की ती पान्याला वाट देत न्हाय."

माती तुडवायला मी पदर खोचून उभी राहिले, तर आत्याबाई आधीच दाराशी कालवलेल्या चिखलात उतरलेल्या. दाराची चौकट धरून, एक पाय ओढत, त्या तुडवत होत्या. तुमचा गुडघा जाईल, मी म्हणाले.

"जाऊ दे. शबूद मी दिला हुता. भोक बी मीच बुजवनार."

मिस्त्रीनं ती माती भोकात ठासून बसवली. पाचव्या दिवशी तळ ओला झाला, पंधराव्या दिवशी पाणी पुन्हा गुडघ्याला लागलं. तांबडीखाली आणखी एक लाव्हाचा थर आहे हे माझं म्हणणं खरंच होतं, आजही खरं आहे, आणि मी ते वर्गात ठासून सांगत आले. आत्याबाईंचा उजवा गुडघा मात्र त्यानंतर कधी पुरता वाकला नाही. ते मी वर्गात सांगितलं नाही.

विहिरीचं पहिलं पाणी त्यांनी लोटीत काढलं. आधी मिस्त्रीला दिलं, मग लोटी माझ्यापुढे धरली.

"पी," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं न्हाय, तांबडीवरचं हाय."

पाणी गढूळ होतं. मी लोटी रिकामी केली आणि पुन्हा भरायला त्यांच्यापुढे धरली.