सरांची कापूसतुला

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा कापसाच्या आंदोलनात होते. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे धान्याच्या कोठीवर कायम पडलेले असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'बदक' वाचता येण्याआधी मला 'शोषण' वाचता येत होतं. त्या पत्रकांत जगाची वाटणी सोपी होती: लुटणारे एकीकडे, लुटले जाणारे दुसरीकडे. आपण कुठल्या बाजूला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या शाळेतले सर आमदार झाले तेव्हा तर मुळीच नाही. आमचीच बाजू मुंबईला पोचली होती.

सर इथले नव्हते. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला, घरची भाषा तेलुगू. तिथून भारतीयांना निघावं लागलं तेव्हा ऐन तारुण्यात आईवडिलांबरोबर ते बोटीने आले. काही दिवस छावणीत, मग पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडच्या एका नातेवाइकाकडे, आणि शेवटी नोकरीच्या शोधात नदी ओलांडून मारेगाव तालुक्यात. आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायला लागले आणि मराठी मुलांकडून शिकले. म्हणून फळ्यावर त्यांची मराठी पुस्तकी, बोलण्यात ठेट वऱ्हाडी, आणि दोन्हींवर तेलुगू हेल. मुलं नक्कल करायची. सर म्हणायचे, "कर बे नक्कल, पण बरोबर कर. माही चूक हाय तशी आली पायजे."

सातवीनंतर मुली शाळा सोडतात हे त्यांच्या मनाला खुपायचं. आजूबाजूच्या गावांत, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, ते पायी फिरले आणि शाळेजवळ मुलींचं वसतिगृह उभं केलं. मीही तिथेच राहून शिकले.

ते निवृत्त झाले ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्र वेळेवर उघडायचं नाही, उघडलं तर बैलबंड्यांची रांग हलायची नाही, आणि नंबर लागलाच तर प्रत ठरवणारा ग्रेडर कापूस मुठीत दाबून म्हणायचा, "ओला आहे." मग वजनातून कट. लोकांनी सरांना उभं केलं. विरोधकांनी त्यांना 'बर्म्याचं पार्सल' म्हटलं. बाबांनी पत्रक काढलं, 'ज्याने आमच्या लेकी शिकवल्या तो परका कसा?' सर निवडून आले.

पहिल्या अधिवेशनाला जाण्याआधी ते गावात आले, चावडीपाशी बसले आणि सरळ विचारलं, "मले खरं सांगा. वजनासाठी कापसाले कोणी पाणी मारते का?"

कोणी खाकरलं, कोणी तंबाखू मळायला घेतली. बाबा पहिले बोलले. "नाई जी सर. पोटच्या पोरावानी वाढवलेल्या मालावर कोणी पाणी काहून मारन?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनी विधानसभेत तेच सांगितलं: माझा शेतकरी कापसाला पाणी मारत नाही. पेपरात आलं. मंत्री म्हणाले, पुढच्या अधिवेशनात विषय पुन्हा मांडा, कट बंद करण्याचा विचार करू. तालुका आनंदला. सरांचा सत्कार करायचा ठरला.

आमच्याकडे पुढाऱ्याची लाडूतुला होते, वह्यातुला होते. सरांची कापूसतुला करायची, आणि तोललेल्या कापसाची सरकी काढून वसतिगृहातल्या मुलींसाठी नव्या गाद्या भरायच्या, असं ठरलं. जुन्या गाद्यांच्या गाठी माझ्या पाठीला चांगल्या ओळखीच्या होत्या. तुलेचं पत्रक मी लिहिलं. माझं पहिलं पत्रक. बाबांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

तुलेच्या दिवशी सकाळी बाबा आणि काका समोरच्या खोलीत बोरे भरत होते. काका आत उभे राहून कापूस पायाने तुडवत होते. बाबांच्या हातात लोटा होता. तोंडात पाणी घ्यायचं, फुर्र करून थरावर उडवायचं, पुन्हा कापूस, पुन्हा फुर्र. मी दारात बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. मी ते पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही. कणकेत मीठ टाकताना पाहून कोणाला काही वाटतं का? आमच्या घरातून कापूस असाच निघायचा. गावातल्या प्रत्येक घरातून असाच निघायचा. तुलेसाठी पाणी मारायचं असं कोणी ठरवलं नव्हतं, आणि मारायचं नाही असंही कोणाच्या मनात आलं नव्हतं.

शाळेच्या मैदानात मोठा तराजू टांगला होता. तो शेतकऱ्यांचा कापूस विकत घेणाऱ्या एका जिनिंगवाल्याने दिला होता, म्हणून त्याला मंचावर खुर्ची द्यावी लागली. सर एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्यात कापूस पडायला लागला. लोकांना वाटलं होतं, कापूस तो, डोंगर होईल, मंडपाला टेकेल. पण बोरे अजून तसेच शिल्लक होते आणि सर वर उचलले गेले. टाळ्या वाजल्या. हलगीवाल्याने जोर केला.

जिनिंगवाला खुर्चीवरून उठला, पारड्यापाशी गेला, मूठभर कापूस घेऊन दाबला आणि हसला. "आमदारसाहेब, लय भारी कापूस आहे बा तुमच्या लोकाईचा."

सर उतरले. दुसऱ्या पारड्यापाशी जाऊन त्यांनी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना कापूस चिकटला होता. त्यांनी जिनिंगवाल्याकडे पाहिलं नाही. बाबांकडे पाहिलं. बाबा टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात थांबले, मग उगाच पुन्हा वाजले.

सरांनी हात सदऱ्याला पुसला आणि माईक घेतला. "कापूस भारी नाई, मीच हलका हाय. मास्तराच्या हाडात काय असते?"

मैदान हसलं. मीही हसले. हसता हसता मला सकाळचा लोटा दिसला. आयुष्यभर प्रगतिपुस्तकावर एकाही मुलाने केलेली बापाची खोटी सही चालवून न घेतलेल्या माणसाने आत्ता आमच्यासाठी हात लपवला होता.

सत्कार संपल्यावर वसतिगृहाच्या अंगणात मुली कापूस वाळत घालत होत्या. एकीने विचारलं, "सर, हा ओला कसा?" सर म्हणाले, "दव पडलं असंल." मग बाबांना ओसरीवर बसवून हळू आवाजात म्हणाले, "हा तर विकाचा नव्हता."

"हात गेला जी," बाबा म्हणाले. "ठरवून नाई केलं."

"ते समजलं मले. ठरवून केलं असतं तर बरं होतं."

बाबा एकदम उसळले. "अन् ग्रेडर कोरड्यालेबी ओला म्हणते, त्याचं काय? आमी पाणी नाई मारलं तरी तो कट मारतेच ना!"

"त्याच्याशी मी भांडतो. पण आता उभं राहून तेच वाक्य म्या कोणत्या तोंडानं बोलू?"

काका मध्ये पडले. "तोंडाचं काय घेऊन बसले सर, तिथं सगळेच बोलतात."

सर त्यावर हसले नाहीत. बाबांना म्हणाले, "एक पत्रक काढा. पाणी मारत होतो, कायले मारत होतो, आता नाई मारणार. खाली तुमचं नाव. मग मी दगडाशीबी भांडतो." आणि माझ्याकडे पाहून, "तू लिहून दे त्याईले."

बाबा म्हणाले, "पाहू."

दोन-तीनदा मी विचारलं, "बाबा, लिहू का?" शेवटच्या वेळी ते चिडले. "कोणासाठी लिहतं? जिनिंगवाल्यासाठी? तो फ्रेम करून लावन दुकानात." हे खोटं नव्हतं. ते पत्रक आधी शत्रूच्याच हातात पडलं असतं. पण लुटणाऱ्यांच्या खोट्यावर आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे छापले होते. आमच्या एका खोट्यासाठी आम्हाला एक कागद सापडला नाही.

पुढच्या अधिवेशनात कापसाचा विषय निघाला. सर केंद्रांच्या रांगांवर बोलले, वजनकाट्यांवर बोलले. कटावर बोलले नाहीत. मंत्र्यांनी ती गोष्ट आपसूक मिटू दिली. कट कायम राहिला.

चहाच्या टपरीवर पेपर वाचून झाला. मी बाबांना बोलवायला गेले होते.

"परक्याले काय कळते कापसातलं?"

"त्याच्या बर्म्यात धान पिकते म्हणे."

"जिनिंगवाल्यानं पाकीट देल्लं असंल."

पाणी मारणारे हात होते सगळे. मला वाटलं, आता बाबा बोलतील. त्यांनी बशीतला चहा संपवला, ओठ पुसले आणि म्हणाले, "आपला माणूस पायजे होता."

मला त्या टपरीवर उभं राहवेना. रस्त्यात बाबा पुढे, मी मागे. नेहमी मी त्यांच्याशी वाद घालत चालायचे. त्या दिवशी माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. मी तिथेच ओरडून सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण माझ्या सगळ्या घोषणा दुसऱ्यांविरुद्धच्या होत्या.

पुढच्या निवडणुकीत सरांना तिकीट मिळालं नाही. ते अपक्ष उभे राहिले. गाडी नव्हती, पायीच फिरत होते. आमच्या गल्लीत आले तेव्हा वेचणी चालू होती, घरात कापसाची गंजी लागली होती. त्यांचा आवाज ऐकून बाबा उठले आणि मागच्या खोलीत गेले.

"बाबा आहेत का?"

"शेतात गेले," मी म्हणाले.

सरांनी उंबऱ्याबाहेर पडलेल्या बाबांच्या वहाणांकडे पाहिलं. कापसाच्या, पऱ्हाटीच्या वावरात अनवाणी कोणी जात नाही. परक्याला एवढंही कळत नसेल, असं मीही धरून चालले होते की काय कोण जाणे. त्यांनी काही विचारलं नाही. मी दिलेलं पाणी उभ्याउभ्याच प्यायले.

"सांग त्याईले, मत मागाले नाई आलतो. तो कागद अजून चालते म्हणावं. मी पडलो तरी चालते. पुढं जो कोणी जाईल त्याले तरी उभं राहता येईल."

ते शेजारच्या दारी गेले. तिथेही कोणी शेतात गेलेलं होतं.

बाबा आतून बाहेर आले. डोक्यावर, मिश्यांवर कापसाचे तंतू होते. "गेले का?"

"गेले."

"काय म्हणत होते?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उत्तराची वाट पाहत होते, आणि उत्तर येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.

"काही नाही," मी म्हणाले.