जानेफळच्या गोदामातल्या सरकत्या भिंती

कलामंडळाचे किस्से गोदामातल्या कापसासारखे असतात. एक ओढायला जावं, तर त्याला चिकटून चार बाहेर येतात. म्हणून आमच्या जानेफळच्या मंडळाचे थोडेच सांगतो.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांतासोबत नागपुरातून चाले. जानेफळात मात्र बापूसाहेबांचा शब्द चाले. या मोठ्या जमीनदारांनी आपलं रिकामं गोदाम मंडळाला दिलं, ते एका अटीवर. "भजन, नाटक, बायांची गाणी, सारं एका छताखाली नांदलं पाहिजे. कापसाच्या हंगामात येऊन पाहीन. भांडण दिसलं, तर त्याच दिवशी कापूस भरतो."

आतली मांडणी माझ्यावर आली, कारण मी शाळेत चित्रकला शिकवायचो. बायको त्याच साली गेली होती. संध्याकाळी घरापेक्षा गोदाम बरं वाटे.

*

मी ठरवलं, भिंती बांधायच्या नाहीत, सरकवायच्या. कापूस नेताना बैलगाडीला चहूबाजूंनी बांबूचे तट्टे लावतात. हंगाम सरला की ते घरोघरी पडून असतात. गावभर हिंडून ते मागून आणले आणि खाली लाकडी पाय ठोकले. हव्या तेवढ्या खोल्या तयार.

पहिल्याच दिवशी भजनाचे म्होरके विष्णुबुवा यांनी आपली भिंत हातभर पुढे सरकवली. नाटकातला आमचा राजा गणपत, त्यानं ती मागे ढकलली.

"बुवा, देवाले किती जागा लागते?"

"देवाले नाई लागत बे. आमच्या मृदंगवाल्याचं पोट पाह्य."

गणपतनं वाकून पाहिलं आणि भिंत मुकाट्यानं पुन्हा पुढे सरकवून दिली.

*

तट्ट्यानं नजर अडते, आवाज अडत नाही. तालमीत गणपतची लढाई चालू झाली की पलीकडे मृदंग सुरू होई. हळूहळू त्याची तलवार तालात फिरू लागली. एकदा तो घाव लागून कोसळला, तेव्हा तट्ट्यावरून बुवांचं डोकं वर आलं.

"गणपत, बरोबर समेवर मेला बे. असाच मरत जाय."

*

स्टेज आम्ही घराघरातली तखतं जोडून केलं होतं. गणपतकडे सासरे मुक्कामाला आले आणि मधलं तखत घरी गेलं. राजा आठवडाभर त्या खड्ड्याला वळसा घालून चालला. प्रयोगाच्या दिवशी तखत परत आलं, तरी त्याचा वळसा कायम.

प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "जपून जाय रे भाऊ, सासरे निजले असतीन."

*

भाद्रपदात बायका भुलाबाईची गाणी म्हणायला आल्या. त्यांच्या पुढारी बायजाकाकू. त्यांनी तट्ट्याला डोळा लावला.

"मास्तर, ही भिंत हाय का चाळणी? मले तं बुवाचं टक्कल दिसून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी घरोघरच्या गोधड्या तट्ट्यांवर चढल्या. नजर अडली, आणि जे मला सुचलं नव्हतं तेही झालं. आवाजही अडला. त्या गोधड्यांत एक माझ्या घरची होती. ती मीच नेऊन दिली.

*

एवढं सगळं जमलं, पण मी एक गोष्ट विसरलो होतो. दिवाळी झाली, कापूस फुटला आणि ज्याचे त्याचे तट्टे गाड्यांवर चढले. शाळा सुटल्यावर येऊन पाहतो तर गोदाम या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं. गोधड्यांची घडी कोपऱ्यात. आणि दारात बापूसाहेब.

आत एकीकडे भजन, एकीकडे तालीम, मधे बायका. आता भांडण होणार आणि जागा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"भिंती कुठं आहेत, मास्तर?" बापूसाहेबांनी विचारलं.

बुवांनी टाळ खाली ठेवले.

"तुमचाच कापूस घेऊन खामगावले गेल्या, बापूसाहेब."

कोणी हसलं नाही. बापूसाहेब आत येऊन तखतावर बसले. गणपतनं तलवार उपसली, तसं बुवांनी हाताच्या खुणेनंच मृदंग थांबवला. राजा मेला, तेव्हा बायजाकाकूंनी गाणं धरलं. गाणं संपल्यावर भजन उठलं, आणि त्यात गणपतही टाळ घेऊन बसला. असं करा म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं.

बापूसाहेब शेवटपर्यंत बसले आणि भजन संपताच उठून गेले.

सकाळी गोदामाशी त्यांची गाडी उभी होती. गाडीवान दोर सोडून तट्टे उतरवत होता. बुवा धावत गेले.

"काऊन बे, ऐन हंगामात काढून राह्यला?"

"मालक म्हणे, आपला कापूस औंदा पोत्यात जाईन," तो म्हणाला. "सांगा मास्तर, कुठी उभे करू?"