पाखऱ्याची चाल

आमच्या वांकिडीत नागनाथकाकांची ओळख सुतार म्हणून. पण थोडी शेतीही होती आणि त्या शेतीत पाखऱ्या नावाचा बैल होता. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तो म्हातारपणाने गेला. त्याला वासरापासून वाढवलं होतं काकांच्या बायकोनं, जयवंताकाकूनं. दर पोळ्याला दारात त्याचे पाय धुऊन कुंकू लावायची तीच. त्या पोळ्याला ती अंगणात आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. काकांनी गुपचूप गुडघ्याएवढा सागवानी बैल केला होता. पोरांचे बैल चाकांवर ओढले जायचे. हा पाय टाकत चालायचा. मागचा दांडा फिरवला की पोटातल्या वाकड्या सळया फिरत आणि पाय हलत.

काकूनं दारातून बघितलं. "हा पाखऱ्या? हा तं घोडा हाय."

"याचा लगाम कुठं हाय, नागनाथ?" शेजारचे माणिकराव म्हणाले, आणि गल्ली हसली.

"पाखऱ्यावानी चालन तेव्हा आणा," काकू म्हणाली. "मंग धुवीन पाय." ती आत गेली. काकांनी बैल उचलून माळ्यावर ठेवला. त्यानंतर घरात दोघंही गरजेपुरतंच बोलायचे.

मी तेव्हा आदिलाबादला पॉलिटेक्निकात होते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या की आम्हाला जग जिंकल्यासारखं वाटे. मी रेघांचा एक बैल केला होता. हिवाळ्यात काका कापूस घेऊन मार्केटला आले, तेव्हा त्यांना दाखवला.

"हा तं शेणावरून घसरून राह्यला!"

खरंच होतं. टेकलेला पाय जागेवर राहून अंग पुढे जायला हवं. माझ्या बैलाचे पाय जमिनीवर सरकत होते. मी ते दुरुस्त केलं.

"याले रंधा नाही लागत?"

"नाही काका. आकडा बदलला की चाल बदलते."

"मंग बदल नं, काऊन बसली?"

एक सळई बदलायला काकांना आठवडा लागे. इथे आम्ही पायांचा क्रम पुन्हा पुन्हा बदलत राहिलो. मागचा उजवा, मग पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा असा क्रम दिला, आणि काका खुर्चीवरून उठून चक्क फरशीवर रांगायला लागले.

"काका, इथं फी भरल्याशिवाय चालता येत नाही," आमचे सुधाकरराव सर म्हणाले.

"थांबा हो!" काका रांगतच म्हणाले. चूक त्यांना सापडली होती. ते शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतीचे शौकीन. दुडकत येणारे बैलच डोळ्यांत बसलेले. दुडकताना पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम पडतो. तीच चाल त्यांनी सावकाश चालणाऱ्या लाकडी बैलाला दिली होती.

उन्हाळ्यात मी गावी गेले, तोवर नव्या सळया बसल्या होत्या. बैल चालला. काकूनं चुलीपाशी बसूनच मान वळवली. "बैल झाला. पाखऱ्या नाही."

मला रडू यायचं बाकी होतं. काका मात्र विचारात पडले. पाखऱ्याचा एक मागचा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आला होता. तो पाय जरासा उशिरा टेकायचा. माझ्या हिशोबात चारही पाय सारखे होते. काकांनी एक सळई हातोडीनं किंचित वाकवली. मान चामड्याच्या पट्टीवर टांगली, म्हणजे पावलागणिक हलेल.

"किती अंश वाकवली?" मी वही काढली.

"पाखऱ्या जितका, तितकी."

तान्हा पोळा आला. काका दांडा फिरवत बैलाला अंगणातून दाराकडे आणत होते. मी उंबऱ्याबाहेर उभी, माझ्या मागे काकू, हाताची घडी घालून. बैल जवळ आला. मान हलली, पाय टेकला, जरा थांबून दुसरा टेकला. अचानक काकूनं माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"सर मांगं! पाय देईन थो तुह्या बोटावर."

काकांचा हात दांड्यावरच थांबला. काकू आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि बैलासमोर बसली.

"अवं, लाकूड हाय थे," काका म्हणाले. "फुगन."

"फुगू द्या," काकू म्हणाली, आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं.