पितांबरचा नंबर

फोन कोणाचा, असं कोणी विचारलं की पितांबर छातीवर हात ठेवून "मना" म्हणायचा, म्हणजे माझा. खरं पाहिलं तर तारा टेलिफोन खात्याच्या, खांब खात्याचे, दोंडाईच्याच्या एक्स्चेंजमधलं यंत्रही खात्याचं. खात्याचं बोलणं फाट्यावर किरकोळीने विकायचं आणि कमिशन घ्यायचं, एवढाच त्याचा धंदा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पण एका पायाने अधू असलेल्या माणसाला अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ मिळाला, काचेवर पिवळ्या रंगात 'पितांबर टेलिफोन' लिहिलं गेलं आणि पाच गावं त्याला भाऊ म्हणू लागली. थोडा मिरवला बिचारा, तर काय बिघडलं?

लग्नपत्रिकेवर त्याचा नंबर, सुरतेला कामाला गेलेल्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर त्याचाच नंबर, पुढे 'पी.पी.' लिहिलेलं. म्हणजे फोन पितांबरकडे करा, तो माणूस बोलावून देईल. आणि तो खरंच द्यायचा, लंगडत जाऊन.

यशोदाबाईला मात्र कधी बोलवावं लागलं नाही. रविवारी दहाच्या आधीच ती बाकावर येऊन बसायची. तिचा धाकटा वना थोरल्या झुलालशी भांडून सुरतेला गेला होता. गावाचं तोंड पाहणार नाही, अशी शपथ घेऊन गेला होता. तिथे त्याच्या खोल्या बदलत, पत्ता असा नव्हताच. मायलेकांमध्ये उरला होता तो रविवारचा फोन. "जेवना का रे?" एवढंच विचारायला म्हातारी दोन कोस चालत यायची.

शहाण्णव साली फाट्यावर स्वतंत्र एक्स्चेंज आलं. लोकांनी पेढे वाटले. लाइनमनने पितांबरला पंधरा दिवस आधी बजावलं, की आता कोडही नवा आणि नंबरही नवा. पितांबर हसला. "मना नंबर कोन लेई?" म्हणाला, आणि जुनाच नंबर ठेवावा म्हणून अर्ज ठोकून आला. मधल्या दोन रविवारी वनाचा फोन आला, पण याने नव्या नंबराचं सांगितलंच नाही. जुनाच नंबर मिळणार आहे, तर पोराचा गोंधळ कशाला करा?

बुधवारी लाइन बदलली. पितांबर लगोलग दोंडाईच्याला गेला. साहेबांनी अर्ज शोधून दिला, रागावलेही नाहीत. म्हणाले, "नंबर तुमचा कधीच नव्हता हो. खात्याचा आहे. दुसऱ्याला देऊनही झाला."

ज्यांचे पत्ते होते, त्यांना पितांबरने पोस्टकार्डं टाकली. सुरतेला जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप सांगितला. पण एवढ्या मोठ्या सुरतेत वना कोणाला भेटणार? चार रविवार यशोदाबाई बाकावर बसून परत गेली. आपल्या तोऱ्यापायी म्हातारीचं पोर तुटलं, हे पितांबरला कळत होतं. त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी त्याने स्वतःचाच जुना नंबर फिरवला. सरकी-ढेपेच्या एका दुकानात तो लागला. मुनीमजींनी उचलला.

"सुरतेहून कोणाचा फोन येतो का हो, रविवारी?"

"यायचा. डोकं खाल्लं होतं. यशोदाबाईला बोलवा म्हणायचा. मी राँग नंबर म्हणून ठेवायचो, तरी परत करायचा."

"मग?"

"मागच्याच्या मागच्या रविवारी गिऱ्हाइकांची गर्दी होती. ओरडलो, अरे, यशोदाबाई नाही आता! तर म्हणाला, कवय गई? मी म्हटलं, गेली असेल कधीची, मला काय माहीत. मग रडायलाच लागला हो. ठेवला त्याने. आता येत नाही."

पितांबरने रिसीव्हर खाली ठेवला. सुरतेत वनाने आतापर्यंत डोकं भादरलं असेल, तापीकाठी दहावा करायला निघाला असेल. आणि आता इकडे फोन करायला त्याला कारणच उरलं नव्हतं.

रविवारी यशोदाबाई आली. धुतलेलं लुगडं, हातात चपला.

"मना वनाना फोन उना का, भाऊ?"

सांगायचं ठरवून बसलेल्या पितांबरने काचेकडे तोंड वळवलं. "लाइन बंद शे, अक्का," तो म्हणाला.

तेवढ्यात आतला फोन खणाणला.

"व्हयनी चालू!" म्हातारी उठलीच.

फोन दुसऱ्याच कोणाचा होता. पितांबर "हां, हां" करत राहिला, आणि यशोदाबाई काचेपाशी हात पुढे करून उभी होती.