गवत कापायच्या गाडीवरची मावशी

चारकोपच्या मैदानात ती गवत कापायची गाडी चालवायची. पंजाबी ड्रेस, पायात जाड बूट, ओढणी मात्र कधीच नाही. सकाळी फिरायला गेले की मी चालणं सोडून तिलाच बघत बसायचे. गाडी काय झकास वळवायची ती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलींची क्रिकेट मॅच होती. नेहमीसारखं आधी पायी फिरून तिने गवतातला मांजा गोळा केला, मगच गाडीवर बसली. तरी एक तुकडा राहिला आणि पात्यात गुंतला. अर्धं मैदान अजून कापायचं होतं.

"मावशी, ओढून काढा ना. उशीर झाला तर मॅच रद्द करतील," कप्तान मुलगी कळवळली.

मावशीने गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात लावला नाही. "गवत परत वाढतं गं, बोट नाही वाढत."

मग तिने सावकाश एकेक वेढा सोडवला. मांजा निघाला, शेवटचा पट्टा कापून झाला आणि मॅच वेळेवर सुरू झाली.

पहिलाच फटका गवतावरून सुसाट सीमेपार गेला. शेजारी उभ्या मावशीने माझा दंड घट्ट धरला. "बघितलंस? कुठे अडला नाही."

आमच्या घरातली पहिली पदवी मी आणली, तेव्हा आईनेही माझा दंड असाच धरला होता.