आवा निवला का?

कुंभाराच्या घरी खापरं साठतात तसे किस्सेही साठतात. खापरं निदान परसात फेकता येतात. किस्से पाहुणे आले की परत घरात येतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक किश्शांत शेवटी चूक माझी निघते. मी मराठी चार यत्ता शिकलेली. तेव्हा ती माझीच असेल, असं मलाही अधूनमधून वाटतं.

*

सोलापुरात आमच्या आळीत आवा पेटवता सगळ्यांना येतो. मडकी रचायची, पालापाचोळा घालायचा, वरून राख थापायची, विस्तव द्यायचा. अवघड आहे ते उघडणं. लवकर उघडला तर गार वाऱ्यानं भांडी तडकतात, उशीर केला तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात! आमचे मामंजी राखेवर तळवा ठेवून म्हणतात, "निवला." त्यावर कोणी बोलायचं नाही.

*

आमचे हे गिरणीत बॉयलरवर आहेत. एकदा जेवताना म्हणाले, तिथं तबकडी असते, काट्यावरून उष्णता कळते. मामंजींनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मडकं बी तीच घडवती का?"

हे जेवून उठले. नंतर मला म्हणाले, असले विषय तू काढत जाऊ नकोस. मी तर तेव्हा चुलीपाशी भाकऱ्या थापत होते.

*

मग आवा किती दिवसांत निवतो ते मी पाटीवर लिहून ठेवू लागले. पहिला आवा दोन दिवसांत निवला, दुसराही. तिसरा चार दिवस धगधगत होता, कारण त्यात बाभळीची लाकडं होती. पाटीवर मी लाकूड लिहिलंच नव्हतं.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "आव्याला वाचाय येत न्हाय."

*

मुलगी दोन महिन्यांची होती तेव्हा रांजणांचा आवा लागला. मामंजींनी तळवा ठेवला, "निवला" म्हणाले, राख ओढली. टण्! मग आणखी एक, टण्! वाऱ्यासरशी रांजण तडकून एकामागून एक बोलायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "वल्या बाळंतिणीला अंगणात हुबं राहाय कुणी सांगितलं हुतं?"

मी मुलीला घेऊन आत गेले. थोड्या वेळानं मामंजी चुलीपाशी आले, फुललेला निखारा बोटांनी उचलला आणि चिलमीत ठेवला. सावकाश, काही घाई नाही. त्या हाताला आता कडत काय आणि गार काय! हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणाला?

*

पुढच्या आव्याला मी मुलीच्या अंघोळीचं पाणी बघते तसं राखेला कोपर लावलं आणि झटकन काढलं. सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नसतं, म्हणून कडेवरच्या मुलीला मोठ्यांदा म्हटलं, "थांब ग बाई, अजून कडत आहे."

मामंजींनी ऐकलं. खाली बसले. दुसऱ्या दिवशी उघडला, सगळा माल अख्खा!

तेव्हापासून ते मुलीलाच विचारायचे, "काय ग ठमे, निवला का?" मी कोपर लावून ठमीला सांगायचे. आळीत बोलबाला झाला की कुंभारांची नात पायगुणाची आहे.

*

यंदा सुगडांचा आवा आभाळामुळे उशिरा लागला. सुगडं संक्रांतीपुरती, सण गेला की त्यांना कोणी विचारत नाही.

भोगीला सकाळपासून बायका दारात. "काय ग ठमे?" मामंजींनी विचारलं. कोपराला कोमट लागलं, ठमीला अंघोळ घालावी इतकंच. पण माझ्या कानात रांजण वाजत होते. म्हटलं, "थांब ग बाई."

दुपारी त्याहून गार. बायका म्हणाल्या, आता देता का जाऊ? मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, प्रथमच सरळ. मी ठमीलाच म्हटलं, "थांब."

बायका पलीकडच्या आळीला गेल्या.

संक्रांतीला दुपारी आवा उघडला. एकही सुगड तडकलं नव्हतं, आणि दारात गिऱ्हाईकही एक नव्हतं. मामंजी अंगणात बसले. एकेक सुगड उचलायचे, तडा ऐकायला बोटाच्या पेरानं वाजवायचे, कानाशी धरायचे, बाजूला ठेवायचे.

सासूबाईंनी जेवायला हाक मारली.

"तुमी बसा," ते म्हणाले. "माजी अजून वाजवायची हायेत."