धुऱ्यावर बसलेले मंत्री

खेमराजभाऊ भाषणाला कागद घेत नसत. माइक हाती आला की आधी समोरच्यांची नावं घेत. "रामाजी, पाय बरा झाला का बा? मंग मागं काऊन बसले?" ग्रामपंचायतीपासून कॅबिनेट मंत्रिपदापर्यंतची त्यांची वाटचाल या सवयीवर झाली. "मानसाले आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून आयकाले आवडते," असं ते म्हणत. भाऊ आता नाहीत. मी गोंदियात वार्ताहर होतो आणि त्यांच्या बहुतेक दौऱ्यांत असे.

दरेकशापलीकडच्या एका गावात रस्त्याचं भूमिपूजन होतं. रस्ता होऊ देणार नाही, अशी पत्रकं नक्षल्यांनी झाडांना लावली होती. भाऊ माइकवर म्हणाले, "हा रस्ता मी नाही आणला, या सुकलालनं आणला. तीनदा मुंबईले आला माह्याकडं. उठ बा सुकलाल, लोकाइले दिसू दे."

सुकलाल हे त्याचं खरं नाव नाही. तो उठला, हात न जोडता लगेच खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. त्याच्या शेजारचा माणूस थोडा दूर सरकला.

परतताना गाडीत बंदोबस्ताचे फौजदार म्हणाले, "साहेब, नाव घ्यायला नको होतं."

भाऊंना कळायला एक क्षण लागला. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी पलटव." फौजदारांनी थांबवलं. मंत्र्याचा ताफा सुकलालच्या दारात उभा राहिला असता, तर धोका आणखी वाढला असता.

त्यानंतर रोज सकाळी सहाला मला भाऊंचा फोन येई. "तिकडची काही बातमी?"

"नाही, भाऊ."

"नाही म्हंजे काही झालं नाही, का तुले मालूम नाही?"

मला माहीत नसे. त्या आठवड्यात ते मुंबईला बैठकीलाही गेले नाहीत.

नवव्या दिवशी सुकलाल बायकोला आणि एक गाठोडं घेऊन भाऊंच्या बंगल्यावर आला. दोन अनोळखी माणसं त्याचं घर विचारत गावात येऊन गेली होती. भाऊंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"काऊन घेतलं भाऊ माहं नाव? मी म्हटलं होतं का तुमाले?"

भाऊंनी त्याला बंगल्यामागची खोली दिली. पण गावाकडे धान कापायला आलं होतं. वर्षाचं खाणं त्याच्या दोन बांध्यांत, भाताच्या खाचरांत, उभं होतं. सुकलाल कोणाचं ऐकेना. तो निघाला, तेव्हा पोलिसांना न कळवता भाऊही निघाले. सोबत मी होतो.

दिवसभर भाऊ बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, बसून होते. जंगल शंभर पावलांवर होतं. सागाचं पान वाजलं की त्यांची मान तिकडे वळे. एरवी कापणीला बाया गप्पा मारतात. त्या दिवशी फक्त विळ्यांचा आवाज होता. सुकलाल एकदाही कंबर सरळ करायला उभा राहिला नाही.

उन्हं उतरायच्या आत भारे ट्रॅक्टरवर चढले. सुकलाल भाऊंपाशी आला.

"तुमी इथं बसून राहिले म्हणून मले जास्त भेव लागून राहिलं होतं."

"मालूम हाये," भाऊ म्हणाले. "पन मले बंगल्यावर बसवलं नसतं."

सुकलालनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग तुमी तुमच्यासाठी आले," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.